पितृपक्षातला जुना-नवा फोन

माझं सगळं आयुष्य मधल्या मापाचं. तीन भावंडांत मी मधला. शाळेत बसायचो तोही मधल्या बाकावर, कारण पुढे मार खावा लागे आणि मागे मार द्यावा लागे. परळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी करतो, तीही शिपायाच्या वर आणि प्राध्यापकाच्या खाली. मिसळ घेतो ती मध्यम तिखट. साहजिकच आजवर मोबाइल घेतले तेही मधलेच. दुकानदार त्यांना मिडरेंज म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, हा माणूस फोनबद्दल नाही, माझ्याबद्दल बोलतोय. तरी मी तो फोन घेतला आणि चार वर्षं वापरला.

पंचावन्नाव्या वर्षी मात्र माझ्या डोक्यात फ्लॅगशिप शिरला. फ्लॅगशिप म्हणजे कंपनीचा त्या वर्षीचा सगळ्यात वरचा फोन, ज्याची जाहिरात लांबून दिसते आणि किंमत फक्त जवळ गेल्यावर. मला जो हवा होता तो दोन वर्षांपूर्वी बाजारात आला होता. तेव्हा मी दादरच्या दुकानात जाऊन तो हातात घेतला होता आणि दुसऱ्याचं तान्हं बाळ परत द्यावं तसा जपून खाली ठेवला होता. आता त्याच्या पाठीवर दोन धाकटी भावंडं आली होती. नव्यांचं कौतुक सुरू झालं आणि ह्याचा भाव उतरत उतरत अर्ध्याच्या जरासा वर येऊन थांबला.

घ्यावा की न घ्यावा, ह्यावर मी दोन महिने घालवले. मुळात मला वस्तू घेण्यापेक्षा घेण्याचा विचार करायला जास्त आवडतं. फोनची परीक्षणं करणाऱ्यांचे व्हिडिओ मी बघायला लागलो. उलटी टोपी घातलेला एक जण सांगायचा, जुना फ्लॅगशिप नव्या मिडरेंजपेक्षा कधीही बरा, कॅमेरा बघा, काच बघा, बांधणी बघा. दाढीवाला दुसरा सांगायचा, खोक्यात दोन वर्षं पडून राहिलेली बॅटरी आतून म्हातारी होते, शिवाय कंपनी अपडेट देणार आणखी दोनच वर्षं, मग पुढे काय करणार? सकाळी मी टोपीच्या बाजूचा असायचो आणि संध्याकाळी दाढीच्या. बायको म्हणाली, “तुम्ही मला बघायला आलात तेव्हा हे दोघे नव्हते, म्हणून माझं लग्न झालं.” तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण घरात दुसरी एक गोष्ट चालली होती, ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आई बोलेनाशी झाली होती.

नायगावची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाले. मधली वर्षं संक्रमण शिबिरात गेली आणि ह्या वैशाखात आम्हाला ए विंगमध्ये सतराव्या मजल्यावर घर मिळालं. घर छान आहे. संडास घरात आहे, स्वयंपाकघराला दार आहे, वारा इतका की कॅलेंडर भिंतीवर टिकत नाही. नाही ती फक्त गॅलरी. आई एकोणऐंशीची. तिने जन्मभर गॅलरीत बसून कोण कुठे चाललंय, कोणाच्या पिशवीत बांगडे आहेत, कोणाची सून बॅग घेऊन माहेरी निघालीय, ह्यावर लक्ष ठेवलं. सतराव्या मजल्यावरून तिला खाली माणसं दिसत, पण कोण ते ओळखू येत नसे. “मुंग्या,” ती म्हणायची. मुंग्यांबद्दल बोलून बोलून माणूस किती बोलणार? हळूहळू ती ‘हो’, ‘नको’ आणि ‘बघ तू’ एवढ्यावर आली. जेवणही अर्ध्या भाकरीवर आलं. मला तिची काळजी वाटत होती आणि भीतीही वाटत होती.

गॅलरी गेल्याचं दुःख होतंच, पण खरं दुखणं वेगळं होतं. चाळीत आमच्या भिंतीपलीकडे एक काकू राहत. काकू आणि आई दोघी मालवणकडच्या, लग्न होऊन एकाच वर्षी चाळीत आलेल्या. दोघींचे नवरे एकाच गिरणीत. संपाच्या दिवसांत दोन घरांचा स्वयंपाक एकाच स्टोव्हवर व्हायचा, कधी आमच्या, कधी त्यांच्या. पुढे दोघींचे नवरे गेले, तेव्हाही त्या एकमेकींच्या उशाशी होत्या. शिबिरातसुद्धा एकाच मजल्यावर खोल्या मिळाल्या. टॉवरच्या लॉटरीत मात्र काकूंना बी विंग लागली, सोळावा मजला. इमारती समोरासमोर, मध्ये फक्त अंगण. आणि पाच महिन्यांत दोघी एकदाही भेटल्या नव्हत्या.

ह्याला कारण मी होतो. हे मला सोडून घरात कोणालाच माहीत नव्हतं.

चाळीची रीत अशी की पूजेचं बोलावणं दारात जाऊन द्यायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, ‘उद्या सत्यनारायण आहे, सगळ्यांनी यायचं’ म्हणायचं आणि घरातलं मोठं माणूस ‘येतो’ म्हणेपर्यंत तिथून हलायचं नाही. नव्या घराच्या पूजेच्या आदल्या दिवशी आईने मला बजावलं, “आधी तिच्याकडे जा, मग बाकीच्यांकडे.” मी बी विंगच्या खाली गेलो तर लिफ्ट बंद. सोळा मजले वर बघितले आणि माझे गुडघे बोलायला लागले. तिथल्याच कठड्यावर बसून मी चाळीच्या ग्रुपवर सगळ्यांना मिळून एक मेसेज टाकला, शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि घरी येऊन आईला सांगितलं, “सांगून आलो.”

काकू आल्या नाहीत. त्यांच्या मुलाने ग्रुपवर अंगठा टाकला होता, तेवढंच. पूजा चालू असताना आई देवाकडे कमी आणि दाराकडे जास्त बघत होती. पंधरा दिवसांनी काकूंच्या घरची पूजा झाली. त्यांच्या मुलानेही माझाच कित्ता गिरवून बोलावणं ग्रुपवर टाकलं. आई रागावली की मालवणीत शिरते. “दोनशे जणांका धाडलेला बोलावणा माझा नाय,” ती म्हणाली आणि गेली नाही. मी नंतर दोनदा म्हटलं, चल, तुला नेतो त्यांच्याकडे. तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं होतं. “तू दारात जाऊन सांगितलंस तरी येवक नाय ती. आता मी कित्याक जाऊ?” ह्यावर खरं सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. जितके दिवस गेले तितकं ते अवघडच होत गेलं.

गणपती गेले, पितृपक्ष लागला आणि दादरच्या त्या दुकानात पाटी लागली. ह्या पंधरवड्यात आपली माणसं नवं काही घेत नाहीत, घरात साधा झाडू आणायचा तरी थांबतात. दुकानं ओस पडतात. दुकानदाराने माझ्या फ्लॅगशिपचा भाव आणखी खाली आणला, तोही सर्वपित्री अमावास्येपर्यंतच. काउंटरवरची बाई म्हणाली, “काका, घट बसले की भाव परत वर. लास्ट पीस है, जास्ती सोचना मत.” जास्त विचार करू नका, असं मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलंय. मी घरी येऊन विचार करायला लागलो.

जेवताना सहज सांगावं तसं मी म्हटलं, “तो फोन घेऊन टाकावा म्हणतो.”

आईने घास ताटात ठेवला. “पितरांच्या दिवसात?”

“अगं, तो नवा नाहीच. दोन वर्षं जुना आहे. जुनं घ्यायला काय हरकत?”

“कोणी वापरलेला?”

“कोणीच नाही. खोक्यात होता.”

“मग जुनो कसो?”

“मॉडेल जुनं आहे.”

 आईने विचारलं, “जुनो आसा तर इतके पैसे कित्याक? आणि नवो आसा तर आत्ता कित्याक?”

बायको पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली, कारण तिला हसू आवरेना. मी ताटाकडे बघून भाकरी मोडायला लागलो. पण एक गोष्ट लक्षात आली. पाच महिन्यांत आई एका दमात एवढं बोलली नव्हती. चारचौघांसारखा मला राग यायला हवा होता, पण आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तोच विषय काढला. आई तयारीतच बसली होती. तिने दुपारभर विचार केलेला दिसत होता. म्हणाली, “ट्रंकेतलं कोरं पातळ वीस वर्षांनी काढलं तरी ते कोरंच. घडी मोडेपर्यंत नवंच धरायचं.” मी म्हटलं, “मग कालच्या भाताला शिळा का म्हणतेस? तोही कोणी खाल्लेला नसतो.” “भात आणि पातळ एक काय रे?” आईने आवाज चढवला. आता फोन हा भात धरायचा की पातळ, असा वाद सुरू झाला. बायको निकाल देणाऱ्या न्यायाधीशासारखी कणीक मळत ऐकत होती. ती म्हणाली, फोन भातच, कारण दोन वर्षांनी अपडेट बंद झाले की तो विटणार. आईला हे पटलं नाही. काचेची वस्तू विटत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. त्या दिवशी ती दीड भाकरी जेवली.

जेवणं झाल्यावर बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. “फोन घ्या, नाहीतर घेऊ नका, मला काही नाही. पण एवढ्यात ठरवू नका. त्या बोलतायत.”

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. ठरवू नका, असं बायकोने मला पहिल्यांदाच सांगितलं. मी हे काम मन लावून केलं. रोज संध्याकाळी नवी शंका घेऊन घरी यायचो. एके दिवशी विचारलं, आत्ता पैसे भरले आणि फोन घटस्थापनेला घरी आणला तर चालेल का? आई म्हणाली, मग आत्ता पैसे घेणाऱ्याला दोष लागेल, तुला काय, तू सुटशील. दुसऱ्या दिवशी विचारलं, कॉलेजच्या पत्त्यावर मागवला तर? ती म्हणाली, पितरांना पत्ते कळतात. पण मनातून मला माहीत होतं की हा खेळ अमावास्येपर्यंतचा आहे. नंतर ऑफर संपणार, वाद संपणार आणि आई परत मुंग्यांकडे बघत बसणार. तिला हवी होती भिंतीपलीकडची मैत्रीण, आणि ती मी तोडली होती.

मध्ये वडिलांची तिथी आली. भटजी आले, सगळं रीतसर झालं. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं, पण अर्धा तास कावळा फिरकेना. आई म्हणाली, “त्यांका लिफ्टचा बटाण कळूचा नाय.” शेवटी एक कावळा आला, वड्याला शिवला आणि आम्ही सगळे सुटलो. भटजी जेवून उठल्यावर मी माझी शंका त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि पिशवीतून फोन काढून माझ्यासमोर धरला. तोच फोन होता, तेच मॉडेल.

“गेल्या आठवड्यात घेतला,” ते म्हणाले. “काय आहे, हा पंधरवडा आमचा सीझन. हातात चार पैसे आत्ताच येतात. आणि शास्त्रात नव्या वस्तूला मनाई आहे. ही तर कंपनीने स्वतःच जुनी ठरवलीय.”

आईने दक्षिणा दिली, नमस्कार केला, दार लावलं आणि म्हणाली, “म्हणूनच कावळा थांबला होता.” पण शास्त्र असं अचानक आपल्या विरुद्ध गेल्याने ती जरा खचलेली दिसली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. “दाखव तरी मला तो फोन. काय सोनं लावलंय त्याला बघूया.”

त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. डॉक्टरकडे जायचं सोडलं तर टॉवरमध्ये आल्यापासून आई खाली उतरली नव्हती. लिफ्टमध्ये तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि तळमजला येईपर्यंत डोळे मिटून घेतले. टॅक्सीत बसल्यावर मात्र खिडकीतून भोईवाडा, हिंदमाता सगळं बघत, कुठलं दुकान बंद झालं, कुठलं नवं आलं ते मोठ्याने सांगत राहिली.

दुकानात काउंटरवरच्या बाईने तिला स्टूल दिलं आणि फोन हातात ठेवला. “जड आहे,” आई म्हणाली, म्हणजे तिला तो आवडला नव्हता. मग बाईने कॅमेरा चालू केला आणि दुकानाच्या काचेतून रस्त्यापलीकडच्या इमारतीवर धरला. दोन बोटांनी पडदा ताणला. तिथे दुसऱ्या मजल्यावर खिडकीत बसून एक बाई भाजी निवडत होती. आईने मान पुढे केली, आणखी पुढे केली, नाक काचेला लागायचं बाकी राहिलं.

“मेथी की शेपू?” तिने विचारलं.

काउंटरवरच्या बाईने आणखी झूम केलं.

“शेपू,” आई समाधानाने म्हणाली. “जून आहे. जाड काड्या काढून टाकायला पाहिजेत. ही टाकत नाही.”

पाच महिन्यांनी मला तिचा गॅलरीतला चेहरा दिसला. भुवया वर, खालचा ओठ जरा पुढे, आणि सगळ्या जगाबद्दल एक बारीकशी तक्रार. मला इतकं बरं वाटलं की मी उगाच शेजारची फोनची कव्हरं बघायला लागलो.

“आजी, इससे तो चाँद भी दिखता है,” काउंटरवरची बाई म्हणाली.

“चंद्र काय करायचाय मला? समोरच्या बिल्डिंगचा सोळावा मजला दिसतो काय सांग.”

मी हातातलं कव्हर परत जागेवर लावलं. ती बाई म्हणाली, “दिखेगा ना आजी. चेहरा भी दिखेगा.”

आईने फोन माझ्या हातात दिला. “घे.”

“अगं, पितृपक्ष चालू आहे.”

“जुनोच आसा ना? तूच सांगितलंस.”

“आणि बॅटरी? दोन वर्षं खोक्यात...”

“माझी एकोणऐंशी वर्षांची चालता.”

टोपीवाला आणि दाढीवाला दोन महिने भांडून ज्याचा निकाल लावू शकले नाहीत, तो एका शेपूच्या जुडीने लावला. मी फोन घेतला. आयुष्यातला पहिला फ्लॅगशिप दुकानापासून टॅक्सीपर्यंत माझ्या हातात होता. टॅक्सीत आईने तो मांडीवर घेतला आणि त्यानंतर तो माझ्या वाट्याला आला नाही. माझं सिम जुन्या फोनमध्येच राहिलं.

हॉलच्या खिडकीत आईने ठाणं मांडलं. हात थरथरतो म्हणून फोनला पापडाच्या डब्याचा टेकू दिला. दोन बोटांनी झूम करायचं तिला एका दिवसात जमलं, मला शिकायला आठवडा लागला असता. मी म्हटलं, “असं दुसऱ्याच्या घरात बघणं बरं नाही.” ती म्हणाली, “गॅलरीत बसून जन्मभर बघितलं तेव्हा कोण काय बोललं? तेव्हा ती पण माझ्याकडे बघायची.”  बायकोही अधूनमधून डब्यामागे वाकून बघत होती, हे मला नंतर कळलं.

पहिल्या दिवशीच्या बातम्या साध्या होत्या. काकूंनी पडदे चांगले घेतलेत. खिडकीत तुळस ठेवलीय, पण तिला पाणी जास्त होतंय. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा आई म्हणाली, “बारीक झालीय.” मग डबा जरा सरकवत, “मुलगा-सून कामावर गेली की दिवसभर एकटी. टीव्ही लावते आणि खिडकीत येऊन बसते.” मी म्हटलं, “मग जाऊन ये ना.” तिने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. “बोलावल्यावर आली नाही ती,” एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात आता राग उरला नव्हता, नुसतं दुःख होतं, आणि मला स्वतःची लाज वाटली. तरी त्या दिवशीही मी तोंड उघडलं नाही.

तिसरा दिवस रविवार होता. चारचा चहा झाला होता. आई खिडकीत होती, मी वर्तमानपत्रात.

“काय करते ती?” आई म्हणाली. “बघ जरा.”

मी उठून तिच्या मागे उभा राहिलो. पडद्यावर काकू अगदी स्पष्ट दिसत होत्या. एका हाताने त्यांनी खिडकीचा गज धरला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट आमच्या इमारतीकडे रोखलं होतं. बोट थोडं थोडं वर सरकत होतं आणि ओठ हलत होते. मध्येच बोट थांबलं. त्यांनी डोळे चोळले, मान हलवली आणि बोट परत खाली आणलं.

“मोजतेय,” आई म्हणाली.

बोट पुन्हा वर निघालं, पुन्हा अडखळलं, पुन्हा खाली आलं.

“आपला मजला शोधतायत,” मी म्हटलं. हे सांगायची काही गरज नव्हती.

आई पडद्यावर वाकली आणि अगदी हळू आवाजात, जणू त्या हाताच्या अंतरावर आहेत अशी, म्हणाली, “गो, खालचे गाड्यांचे मजले सोडून मोज. तिथेच चुकतेस.”

त्यानंतर मला गप्प बसवेना. “आई,” मी म्हटलं, “मी काकूंकडे गेलोच नव्हतो. पूजेचं सांगायला. लिफ्ट बंद होती, म्हणून खाली बसून ग्रुपवर मेसेज टाकला. तुला खोटं सांगितलं.”

आई वळली नाही. पडद्यावर काकूंचं बोट तिसऱ्यांदा वर निघालं होतं. ते अर्ध्यावर पोचेपर्यंत ती बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता बसणार एक. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“पाच महिने,” आई म्हणाली. “पाच महिने तिका वाटला असतला, मी तिका बोलावक नाय.”

मी मान खाली घातली. पंचावन्न वर्षांचा माणूस, केस पिकलेले, आणि पायाच्या अंगठ्याने लादी उकरत उभा.

आई उठली. आत जाऊन गाऊन बदलून लुगडं नेसून आली. बायकोकडून काळ्या वाटाण्याचं सांबारं डब्यात भरून घेतलं, कारण कोणाकडे रिकाम्या हाताने जायची तिला सवय नाही. मी चप्पल घालायला लागलो तसा तिने हात आडवा केला.

“तू नको. तुका लिफ्ट लागता.”

दार लागलं. बायकोने परत उघडून बघितलं. लिफ्टचा आकडा सतरावरून सोळा, पंधरा असा खाली चालला होता आणि आत आई एकटी होती.

फोन डब्याला टेकून तसाच उभा होता. आता तो माझा होता. मी स्टूलवर बसलो आणि बघायला लागलो. काकू अजून मोजत होत्या. बराच वेळ गेला. मग एकदम त्यांनी मागे वळून बघितलं, गज सोडला आणि आत गेल्या. बेल वाजली असणार. खिडकीत नुसता पडदा हलत राहिला. तिथे दारात काय चाललं असेल ते इथून दिसण्यासारखं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि बायकोने बघू नये म्हणून मी फोन उचलून तोंडासमोर धरला.

दोघी खिडकीत आल्या तेव्हा आईचा हात काकूंच्या खांद्यावर होता. आईने बोट रोखलं आणि एकेक मजला मोजत वर आली. बोट बरोबर आमच्या खिडकीवर थांबलं. काकूंनी डोळ्यांवर हाताची सावली धरली. मग आई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली, बरंच बोलली. काकूंनी तोंडावर हात ठेवला. आणि मग त्या दोघींनी, एकीने उजवा आणि एकीने डावा, हात उगारून मला ‘थांब, बघते तुझ्याकडे’ असं बजावलं. माझं भांडं बी विंगमध्ये फुटलं होतं. मी पापडाच्या डब्यामागे डोकं खाली घेतलं, आणि खोटं कशाला सांगू, लहानपणी मार चुकवून पळालो की व्हायचा तसा आनंद मला झाला.

“काय दिसतंय?” बायकोने आतून विचारलं. “अंधार पडेल आता. त्यांना आणायला जाताय ना?”

मी डोकं वर काढून पुन्हा बघितलं. आईच्या समोर बशी आली होती आणि काकू खिडकीचा पडदा ओढत होत्या.

“नको,” मी म्हटलं. “आणि आईचा भात लावू नकोस.”